टेनिसची वासंतिक सहल: आधी मातीवर खेळावे, मग सामने पाहावेत

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपण पती-पत्नी मुलुंडचे, वय पन्नाशीच्या आसपास. आपण स्वतः आठवड्यातून तीन दिवस जिमखान्यावर दुहेरी खेळता आणि पत्नींनी तीन वर्षांपूर्वी रॅकेट हातात घेतली. मार्च ते मे या काळात १२ दिवसांची रजा मिळू शकते, आणि त्या रजेत एखाद्या रिसॉर्टमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खेळणे व एखादी मोठी व्यावसायिक स्पर्धा प्रत्यक्ष पाहणे, या दोन्ही गोष्टी साधायच्या आहेत. आपल्या मनात अमेरिकेतील इंडियन वेल्स आणि मायामी अशा दोन्ही स्पर्धा आहेत. पत्नींची अट एवढीच की महिलांचेही सामने पाहायला मिळावेत. मी विलेपार्ल्यात टेनिस शिकवतो आणि गेली काही वर्षे दर वसंतात पाच-सहा जणांचा लहानसा गट घेऊन अशा सहलीला जातो. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

अमेरिकेचा बेत अशक्य नाही, पण आपल्यासाठी मी तो सुचवणार नाही. इंडियन वेल्सची स्पर्धा मार्चच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात होते आणि मायामीची उत्तरार्धात फ्लोरिडात, म्हणजे खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागते. दोन्ही स्पर्धा जवळजवळ दोन-दोन आठवडे चालतात, त्यामुळे १२ दिवसांत दोन्ही गाठायच्या तर एकीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात, एवढेच हाती लागते. मुंबई आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत त्या दिवसांत साडेबारा तासांचे अंतर असते. पहिले चार दिवस शरीर रात्रीला दिवस समजते आणि त्या अवस्थेत सकाळी आठला कोर्टवर उभे राहणे म्हणजे प्रशिक्षकाच्या शुल्काचा अपव्यय. सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. या दोन्ही स्पर्धा हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक पृष्ठभागावर होतात, आणि कॅलिफोर्नियातील रिसॉर्टांत आपल्याला बहुधा हार्ड कोर्टच मिळतील. सिमेंटवर खेळायला मुलुंडहून वाळवंटात जाण्याची गरज नाही. रोहन बोपण्णाने २०२३ मध्ये इंडियन वेल्सला आणि २०२४ मध्ये मायामीला मॅथ्यू एब्डेनच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेव्हापासून आपल्याकडच्या दुहेरी खेळाडूंना या दोन स्पर्धांची ओढ लागली आहे आणि ती मी समजू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने मिळवलेल्या त्या विजेतेपदांनी जिमखान्याच्या बाकांवरची निम्मी निराशा धुऊन काढली. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर आधीच असेल आणि तिकडे नातेवाईक असतील, तर एप्रिलच्या आरंभी दक्षिण कॅरोलायनात होणाऱ्या चार्ल्सटनच्या महिला स्पर्धेचा अवश्य विचार करावा. ती हिरव्या मातीवर होते आणि तेथून दोन तासांच्या मोटारप्रवासावर असलेले हिल्टन हेड बेट टेनिस रिसॉर्टांसाठी जुने आणि प्रसिद्ध ठिकाण आहे. व्हिसा नसेल तर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत वसंत उलटून जाण्याचीच शक्यता अधिक.

माझा सल्ला असा की एप्रिलच्या उत्तरार्धात स्पेनला जावे, आधी मायोर्का बेटावर चार-पाच दिवस लाल मातीवर खेळावे आणि मग माद्रिदला जाऊन तीन दिवस सामने पाहावेत. हा क्रम उलटा करू नये.

क्रमाचा आग्रह धरण्यामागे माझी स्वतःची फजिती आहे. पहिल्या खेपेस मी गटाला घेऊन थेट स्पर्धेलाच गेलो. उत्साह इतका की तीन दिवस सकाळी अकरापासून रात्रीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. उन्हाने माना भाजल्या, रात्रीच्या गारठ्याने कंबर धरली आणि चौथ्या दिवशी रिसॉर्टवर सकाळी नऊच्या सत्राला सहापैकी दोघेच उगवले. पण ते शारीरिक नुकसान झाले. त्याहून मोठे नुकसान पुढे कोर्टवर उतरल्यावर लक्षात आले: तीन दिवस आम्ही जे पाहिले ते आम्हांला दिसलेच नव्हते. आम्ही सगळे चेंडू पाहत होतो, फटक्यांना टाळ्या देत होतो, आणि मातीवर पाय काय करतात याचा कोणालाच पत्ता नव्हता, कारण आमच्यापैकी कोणी मातीवर पाय ठेवलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी क्रम बदलला, आणि त्याच वयाची, त्याच दर्जाची माणसे सामना पाहताना एकमेकांना कोपराने ढोसून 'बघ, बघ, आता कुठे थांबला ते' असे म्हणू लागली.

मायोर्का निवडण्याची कारणे साधी आहेत. बेटावर लाल मातीची कोर्ट भरपूर आहेत, कारण जर्मनीतील क्लबांचे खेळाडू उन्हाळी सामन्यांच्या तयारीसाठी दर वसंतात तेथे येतात आणि त्यांच्यासाठी हॉटेलांनी कोर्ट, प्रशिक्षक, गटिंगची (रॅकेटला तारा लावण्याची) सोय असा सगळा सरंजाम उभा केला आहे. पश्चिमेकडील पागेरा हे गाव त्याचे एक केंद्र आहे. पूर्वेकडे, राजधानी पाल्मापासून सुमारे ५० किलोमीटरवर, मानाकोर हे राफाएल नादालचे गाव आहे. तेथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या अकादमीत प्रौढांसाठीही प्रशिक्षणाचे कार्यक्रम असतात, राहण्याची सोय असते आणि आवारातच संग्रहालय आहे. पाल्माहून मानाकोरला रेल्वेने जाता येते. दोहोंपैकी कोणते निवडावे हा खिशाचा आणि स्वभावाचा प्रश्न आहे. नावाचे आकर्षण असेल आणि तरुण मुलांच्या घोळक्यात वावरायला आवडत असेल तर अकादमी बरी. सकाळी खेळून दुपारी समुद्रकाठी निवांत बसायचे असेल तर पागेऱ्यासारख्या गावातले हॉटेल बरे, आणि पत्नींचा खेळ अजून बसत असताना तेथील लहान गटांत त्यांना अधिक लक्ष मिळेल असे मला वाटते. ईस्टरचा आठवडा मात्र टाळावा. तो दर वर्षी मागे-पुढे सरकतो, त्या दिवसांत जर्मन कुटुंबांची गर्दी उसळते आणि दुपारच्या वेळी कोर्ट मिळणे कठीण होते.

प्रशिक्षणाचे तास ठरवताना बहुतेक मुंबईकर हावरेपणा करतात. दिवसाला पाच तासांचा कार्यक्रम पाहून 'एवढे पैसे देऊन चाललोच आहोत, तर' असे म्हणत नाव नोंदवतात आणि तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसतात. आपण जिमखान्यावर जो तासभर खेळतो, त्यात निम्मा वेळ चेंडू गोळा करण्यात आणि गुणसंख्येच्या वादात जातो. शिवाय मार्करबरोबर, म्हणजे क्लबने ठेवलेल्या सरावाच्या खेळाडूबरोबर, खेळण्याची आपली सवय फसवी असते, कारण चांगला मार्कर चेंडू नेमका आपल्या पट्ट्यात टाकतो आणि आपल्याला वाटते की आपला फोरहँड फार सुधारला; प्रत्यक्षात आपले पाय गेली दहा वर्षे एकाच चौरस फुटात उभे असतात. म्हणून सकाळी दोन तास प्रशिक्षण आणि संध्याकाळी हवा तर एक तास आपापसांत दुहेरी, यापेक्षा अधिक घेऊ नये. सलग चार दिवस असे खेळणेसुद्धा पन्नाशीच्या शरीराला पुरेसे आहे.

मातीवर नेमके काय शिकायचे, ते एका प्रसंगातून सांगतो. मायोर्कातील एका प्रशिक्षकाने पहिल्याच सकाळी मला बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या रेषेवर) उभे करून दहा मिनिटे डावीकडे-उजवीकडे पळवले, मग खेळ थांबवून जाळ्याकडे पाठ करायला सांगितले आणि जमिनीकडे बोट दाखवले. माझ्या दहा मिनिटांचा पूर्ण हिशेब तेथे लिहिलेला होता. उजव्या कोपऱ्यात टाचांचे खोल खड्डे होते, म्हणजे मी चेंडूपाशी पोहोचून धाडकन थांबत होतो. त्यांच्या पलीकडे दोन-दोन फूट लांब ओरखडे होते, म्हणजे फटका मारून झाल्यावर माझा तोल जाऊन मी घसरत होतो. प्रशिक्षकाने शेजारी स्वतः एक फोरहँड मारून दाखवला आणि त्याचा ओरखडा पाहायला सांगितला. तो आधी सुरू होऊन चेंडू जेथे मारला तेथेच संपला होता, आणि त्याच्या टोकाशी मातीची एक लहानशी वळी साचली होती. घसरण फटक्याच्या आधी आणि फटक्यासाठी असते, नंतर नसते. हे वाक्य मी त्यापूर्वी अनेकदा वाचले होते, पण समजले त्या दिवशी. सिमेंट असा हिशेब ठेवत नाही.

ही माती दिसायला कोकणातल्या वाटेसारखी असली तरी तो विटांचा बारीक चुरा असतो. खाली चुनखडीचा घट्ट थर आणि वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर चुरा, अशी रचना असल्यामुळे चेंडू सिमेंटच्या मानाने मंदावतो आणि उंच उसळतो. आपला सिमेंटवरचा हमखास गुण देणारा सपाट फटका तेथे परत येतो, पुन्हा परत येतो, आणि चौथ्या वेळी आपण तो बाहेर मारतो. पहिले दोन दिवस या कारणाने चिडचिड होईल, ती गृहीत धरावी. फटका जाळ्याच्या बऱ्याच वरून आणि खोल टाकण्याची सवय लागली की तिसऱ्या दिवशी मजा येऊ लागते.

बुटांबाबत तडजोड करू नये. मातीच्या कोर्टासाठी नागमोडी, माशाच्या काट्यासारख्या खाचांचा तळ असलेले बूट लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी धावण्याचे बूट घालून आलेल्याला कोर्टवर पाऊल ठेवू देत नाहीत. हे बूट मुंबईतूनच घेऊन महिनाभर वापरून न्यावेत, कारण नवा बूट आणि नवी जमीन हे दोन्ही एकाच दिवशी पायांना देणे म्हणजे फोडांना आमंत्रण. गटिंग निघण्याच्या आठवडाभर आधी नवे करून घ्यावे आणि नेहमीपेक्षा दोन पाउंड सैल ठेवावे. थंड सकाळी मातीने जड झालेला चेंडू कोपरावर येतो, आणि ज्यांना पूर्वी टेनिस एल्बोचा त्रास झाला आहे त्यांनी या काळात कडक पॉलिएस्टर तारांपासून दूर राहिलेलेच बरे. रॅकेट सुमारे साडेअडुसष्ट सेंटिमीटर लांब असते आणि बहुतेक विमान कंपन्यांची हातातल्या बॅगेची मर्यादा ५५ सेंटिमीटर. तेव्हा वाद घालण्यापेक्षा रॅकेट कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावी.

आणखी एक शिष्टाचार आपल्या लोकांना ठाऊक नसतो. तेथे तासाची शेवटची पाच मिनिटे कोर्टाची असतात. कोपऱ्यात टांगलेली रुंद जाळी ओढत, बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून आत आत गोल फिरत, आपणच आपल्या पायांच्या खुणा बुजवायच्या आणि मग लहान ब्रशने रेषा झाडून घ्यायच्या. आपल्याकडे हे काम ग्राउंडचा माणूस करतो, म्हणून आपली मंडळी रॅकेट पिशवीत घालून चालू लागतात आणि पुढचे खेळाडू कपाळाला आठ्या घालून पाहत राहतात. पहिल्या दिवशी कोणी न सांगता ही जाळी उचलली, तर दुसऱ्या दिवशी दुहेरीसाठी जोडीदार शोधावे लागत नाहीत.

आता माद्रिद. ही स्पर्धा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत तिचा दर्जा १००० गुणांचा (विजेत्याला मिळणाऱ्या क्रमवारी गुणांवरून ठरणारा) आहे, त्यामुळे पत्नींची अट येथे आपोआप पूर्ण होते. एकेरीत दोन्हीकडे ९६ खेळाडू असतात. क्रमवारीनुसार ठरलेल्या ३२ मानांकितांना पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळते. महिलांचे सामने साधारण मंगळवारी आणि पुरुषांचे बुधवारी सुरू होतात, आणि मानांकित खेळाडू गुरुवार-शुक्रवारपासून मैदानात उतरतात. म्हणून पहिल्या आठवड्यातील शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे तीन दिवस मी निवडतो. त्या दिवसांत जवळपास सर्व मोठी नावे अजून स्पर्धेत असतात, बाजूच्या कोर्टांवरही एकेरीचे चांगले सामने चाललेले असतात आणि दुहेरीला सुरुवात झालेली असते. अंतिम सामन्याच्या मोहात पडू नये. अंतिम दिवशी तिकीट सर्वांत महाग, सामने सर्वांत कमी आणि बसण्याची जागा सर्वांत दूर.

काहा माहिका हे तेथील संकुल दक्षिण माद्रिदमध्ये आहे आणि त्यातील तिन्ही मुख्य कोर्टांना उघडझाप होणारे छप्पर आहे. बारा दिवसांच्या सहलीत तीनच दिवस सामन्यांसाठी राखलेले असताना हे छप्पर किती मोलाचे आहे, ते ज्याचा एक दिवस पावसात वाहून गेला त्यालाच कळेल. मेट्रोच्या तीन क्रमांकाच्या मार्गावर सान फेर्मिन-ओर्कासूर हे स्थानक जवळ पडते. रात्रीचे सत्र लांबले तरी मेट्रो दीडपर्यंत चालते, तेव्हा शेवटच्या लोकलवर नजर ठेवून सामना अर्धवट सोडण्याची आपली सवय येथे लागू नये.

तिकिटे स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. मुख्य कोर्टाचे दिवसाचे आणि रात्रीचे सत्र वेगवेगळे असते, हे लक्षात न घेता दोन्ही समजून एकाचेच तिकीट घेणारे लोक मी दर वर्षी पाहतो. एकदा मी स्वतः एका मध्यस्थाकडून 'उत्तम जागा' म्हणून तिकिटे घेतली, तर दुपारभर सूर्य थेट डोळ्यांत आणि दूरच्या बेसलाइनवरचा खेळाडू दोन बोटांएवढा. पैसे परत मिळाले नाहीत. माझे मत असे की तीनपैकी एकाच दिवशी मुख्य कोर्टाचे तिकीट घ्यावे आणि उरलेले दोन दिवस लहान कोर्टांना द्यावेत, कारण तेथे खेळाडूचा श्वास ऐकू येतो.

सामना पाहण्याचीही एक रीत आहे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर असतो. त्यामुळे चेंडूची उंची आणि फिरकी आपल्याला कधी नीट कळलेलीच नसते. लहान कोर्टावर शक्य तेवढे खाली, बाजूला, जमिनीच्या पातळीजवळ बसावे आणि पहिले दोन गेम चेंडूकडे पाहूच नये. एकाच खेळाडूचे पाय पाहावेत: प्रतिस्पर्ध्याने फटका मारण्याच्या क्षणी तो लहानशी उडी घेतो का, घसरायला कोठून सुरुवात करतो, सावरून मध्यभागी किती पावलांत येतो. सेट संपल्यावर कर्मचारी जाळ्या ओढून कोर्ट सारखे करतात. त्याच्या आधी पुढे वाकून बेसलाइनवरचे ओरखडे पाहून घ्यावेत. मायोर्कातला आपला स्वतःचा हिशेब ताजा असताना तो व्यावसायिकांचा हिशेब वाचणे, यासाठी मी लोकांना एवढ्या लांब नेतो.

आपण दोघे मुख्यतः दुहेरी खेळता, तेव्हा दुहेरीचा किमान एक सामना पूर्ण पाहावा. दुहेरीचे सामने अनेकदा बाहेरच्या कोर्टांवर होतात, गर्दी कमी असते, आणि जाळ्यापाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे बोटांनी खुणा करून जोडीदाराला काय सांगतो, ते पाहण्यासारखे असते. सकाळी सरावाच्या कोर्टांकडेही जावे. कोण केव्हा सराव करणार याचे वेळापत्रक त्या त्या दिवशी जाहीर होते. अव्वल खेळाडू सरावात पहिली दहा मिनिटे किती हळू, किती काळजीपूर्वक मारतात, हे पाहून आपल्या जिमखान्यावरच्या सरावाची लाज वाटल्याशिवाय राहत नाही. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू अधिक वेगाने जातो, म्हणून मायोर्कात जो चेंडू आपल्याला जड वाटला, तोच येथे व्यावसायिकांच्याही रॅकेटवरून बाहेर निसटताना दिसेल.

एक जुनी गंमत मात्र माद्रिदमध्ये आता दिसणार नाही. मातीवर चेंडूची खूण राहते, आणि पंच खुर्चीवरून उतरून ती तपासायचा, हा मातीच्या सामन्यातला खास प्रसंग होता. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर मातीवरसुद्धा रेषांचे निर्णय यंत्र देते. त्याच वर्षी माद्रिदमध्ये यंत्राचा निर्णय न पटल्याने जर्मन खेळाडू अलेक्झांडर झ्वेरेवने खुणेचा फोटो काढला आणि त्याला ताकीद मिळाली. आपल्या क्लबच्या सामन्यात मात्र खूण पाहण्याचा हक्क शाबूत आहे. प्रतिस्पर्धी जर्मन असेल तर तो ती पाहायला नक्की येईल, त्यामुळे खात्री नसताना 'आउट' ओरडू नये.

दिवसांचा हिशेब असा बसतो. गुरुवारी रात्री मुंबईहून निघून एक विमान बदलत शुक्रवारी पाल्मा, शनिवारी हलका सराव, रविवार ते बुधवार नियमित प्रशिक्षण, गुरुवारी सव्वा-दीड तासाच्या विमानाने माद्रिद आणि संपूर्ण विश्रांती, शुक्रवार ते रविवार सामने, सोमवारी परतीचे विमान आणि मंगळवारी घर. एप्रिलमध्ये स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे पाचला जाग येईल आणि सकाळच्या सत्रासाठी ते उलट सोयीचेच. खेळणे आणि सामने पाहणे एकाच दिवशी करू नये. रात्री बाराला संपलेल्या सामन्यानंतर सकाळी नऊला घसरण्याचा सराव करणारे गुडघे आपल्या वयात उरलेले नसतात. विमानाला वेळ असेल तर सोमवारी सकाळी तेवढा अपवाद करावा. कासा दे काम्पो या मोठ्या उद्यानात माद्रिद महापालिकेची टेनिस कोर्ट आहेत. तेथे तासभर खेळल्यास तीन दिवसांत पाहिलेले काही अंगात उतरले का, हे तपासता येते.

फ्रान्सचा विचार मनात असेल तर तोही पर्याय आहे. एप्रिलच्या पूर्वार्धातील माँटे कार्लोची स्पर्धा ज्या क्लबवर होते, तो प्रत्यक्षात मोनॅकोच्या हद्दीला लागून फ्रान्समध्ये आहे, आणि समुद्राच्या वर कोरलेल्या त्या कोर्टांइतके सुंदर दृश्य टेनिसमध्ये दुसरे नाही. नीसला मुक्काम ठेवून रेल्वेने मोनॅकोला जाता येते, आणि नीसजवळच्या बियो येथे प्रसिद्ध प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लूची अकादमी आहे. तेथे रिसॉर्टची सोय आहे. नीसच्या जुन्या भागात सोक्का नावाचे बेसनाचे मोठे धिरडे मिळते, ते शाकाहारी मंडळींना घरची आठवण करून देते. २०२४ मध्ये सुमित नागलने माँटे कार्लोत पात्रता फेरीतून येऊन मुख्य फेरीत मातेओ अर्नाल्दीला हरवले. मातीवरील मास्टर्स (पुरुषांच्या १००० गुणांच्या) स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पण ही स्पर्धा फक्त पुरुषांची आहे, बार्सिलोनाचीही तशीच, म्हणून आपल्या घरातली अट पाहता ती दोन्ही नावे मी मागे ठेवतो. रजा एप्रिलमध्ये न मिळता मेमध्येच मिळाली, तर पॅरिसला रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, मुख्य फेरीच्या आधीचा पात्रता फेरीचा आठवडा गाठावा. मुख्य फेरीच्या तुलनेत तिकिटे स्वस्त असतात, सामने अटीतटीचे होतात आणि अव्वल खेळाडू सरावाला आलेलेच असतात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. वसंतात भेटीची वेळ मिळणे अवघड होते, म्हणून जानेवारीतच मुंबईतील स्पेनच्या व्हिसा केंद्राची वेळ घ्यावी. प्रौढांचे शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे प्रवासी वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे असते. विमा घेताना हौशी खेळातील दुखापत त्यात येते की नाही, ते पत्रक वाचून पाहावे. सहल कंपनीमार्फत गेल्यास रकमेवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण निघण्याच्या वेळी खिशातून जातोच.

तयारीसाठी आपल्याकडे जानेवारीपासून पुरेसा वेळ आहे. मुंबईत मातीचे कोर्ट मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास आठवड्यातून दोनदा चौपाटीच्या ओल्या वाळूवर वीस मिनिटे आडवी पावले टाकत चालावे, पोटऱ्या आणि घोटे तयार होतात. मार्करला सांगून आठवड्यातला एक दिवस असा ठेवावा की तो चेंडू आपल्या पट्ट्यात देणारच नाही. मोठी स्पर्धा पाहण्याची नजर बसवायची असेल तर घराजवळही सोय होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत महिलांची १२५ गुणांच्या दर्जाची मुंबई ओपन झाली होती. अशी स्पर्धा पुन्हा भरली की पत्नींना घेऊन चर्चगेटला जावे आणि जमिनीलगतच्या जागेवर बसून पाय पाहण्याचा सराव तेथेच सुरू करावा.

सामानात दोन गोष्टी विसरू नका. माद्रिदची दुपार उन्हाची आणि रात्र आपल्या मानाने कडक थंडीची असते, म्हणून टोपीच्या शेजारी लोकरी शाल ठेवावी. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही आणि मुंबईकर घाम आल्याशिवाय पाणी पीत नाही, तेव्हा तहान नसतानाही बाटली हाताशी असू द्यावी. आणि परतताना बूट तळापासून झाडून, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच बॅगेत भरावेत. माझे दोन पांढरे शर्ट अजून विटकरी आहेत.